दवाखान्याचा खवा

हंगरवाडी, ता. उमरगा
सोमवार, ४ नोव्हेंबर १९८५

शिवू,

आशीर्वाद. राग असला तरी थोरल्या बहिणीनं आधी तोच लिहायचा असतो, म्हणून लिहिला.

तुझा डबा काल पोचला. पुणे-उमरगा गाडीच्या ज्ञानोबा ड्रायव्हरनं फाट्यावर गाडी थांबवून हातात दिला आणि म्हणाला, "अक्का, भावानं दिलाय. आप्पांच्या दुखण्याचं म्याच बोललो त्याच्यापाशी. चुकलं असंल तर माफ करा." तेव्हा कळलं, तुला बातमी कुठून लागली ते. मी काही कळवलं नव्हतं. आठ वर्षांत तुझ्या एकाही पत्राला मी उत्तर दिलं नाही आणि आता एका ॲल्युमिनियमच्या डब्यानं मला लिहायला बसवलं.

तर ऐक. आप्पांच्या घशात गाठ निघाली. बार्शीला महिनाभर विजेचा शेक दिला. गाठ बसली, पण जिभेची चव पार गेली. जो माणूस दूध सोसायटीत चमचाभर दूध तोंडात घेऊन सांगायचा की ही गुंडप्पाची म्हैस आणि काल हिला सरकी मिळाली नाही, त्याला आता भाकरी आणि माती सारखीच. दूध दिलं तर म्हणतात, चुना कालवलाय. तीन महिन्यांत अर्धे झालेत. डॉक्टर म्हणतात, गाठीनं नाही, उपासानं जातील.

तू लिहिलंस की तू काम करतोस त्या कँपातल्या दुकानात परदेशी तऱ्हेचं चीज विकतात आणि त्याचा खार असा की मेलेली जीभ उठून बसेल. अख्खा गोळा घ्यायची आपली ऐपत नाही, म्हणून पन्नास-पन्नास ग्रॅमचे चार तुकडे, वेगवेगळ्या जातीचे, प्रत्येकाला चिठ्ठी. मला हसू आलं. आपल्याकडं चोळीचा खण घेताना चार रंग दाखवायला आणतात, तसं झालं हे.

पहिला तुकडा पिवळा, चिठ्ठीवर चेडार. आप्पांनी चघळला आणि म्हणाले, "साबण हाय का?" दुसरा गौडा. तोही साबण, पण "जरा बरा साबण". तिसरा लोण्यासारखा मऊ, तो नुसताच गिळला. चौथा विटेसारखा कडक होता, तू लिहिलंस तसा किसून दिला. तो जिभेवर ठेवला आणि त्यांचं चघळणं थांबलं. मला वाटलं, घशात अडकला. मग म्हणाले, "यव्वा, ह्यात मीठ हाय."

शिवू, श्रावणापासून पहिल्यांदा त्यांना मीठ लागलं. मी चुलीपाशी जाऊन रडले.

कुठून आलं म्हणून विचारलं तेव्हा मी सांगितलं, बार्शीच्या डॉक्टरांनी पाठवलाय, दवाखान्याचा खवा आहे. गाडी बार्शीवरूनच येते, त्यामुळं पटलं. तुझं नाव कुठल्या तोंडानं घेऊ? सोसायटीच्या सभेत सगळ्या गावासमोर उभा राहून तू आप्पांना विचारलंस, मच्छिंद्रमामांच्या म्हशीचं दूध आपल्या कॅनमध्ये चालतं, मग बौद्धवाड्यातली त्यांची लेक अयोध्या आपल्या घरात का चालत नाही? आप्पा तेव्हा सोसायटीचे चेअरमन. उत्तर सुचलं नाही म्हणूनच त्यांनी तुला घराबाहेर काढलं, असं मला पुष्कळदा वाटतं. तू लग्न करून पुण्याला गेलास. मला मात्र आळंदच्या सासरहून पंचमीला माहेरी पोचवलं ते कोणी न्यायला आलंच नाही. भावानं असं केलं, म्हणाले. असो. तो विषय आज नको.

एक मात्र खरं. आप्पांचा नेम तुला माहीतच आहे. गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन त्याला दाखवल्याशिवाय ते पाण्याचा घोटही घेत नाहीत. तुझे चारही तुकडे आधी देवाला दाखवले, मग खाल्ले.

"माझं नाव काढतात का?" विचारलंस. नाही रे.

शांताक्का

मंगळवार, १९ नोव्हेंबर १९८५

शिवू,

आशीर्वाद. या वेळी राग जरा कमी.

आधी माझा गाढवपणा ऐक. या डब्यात एका तुकड्यावर हिरवी-निळी बुरशी दिसली. म्हटलं, पोराच्या कष्टाचा पैसा, उन्हानं नासला बिचारा. सुरीनं सगळी बुरशी खरवडून उकिरड्यावर टाकली आणि उरलेला पांढरा चोथा आप्पांना दिला. मग आतली चिठ्ठी उलगडून वाचली, "अक्का, हे निळं मुद्दाम वाढवलेलं आहे, चव तिथंच असते." कपाळावर हात मारून घेतला. चिठ्ठी आधी वाचावी, हे सातवीपर्यंत शिकलेल्या बाईला कळू नये!

धुरावर धरलेला आणि जिरं घातलेला, हे दोन्ही मात्र आवडले. आता रविवारी दरबार भरतो. आप्पा ओसरीवर टेकून बसतात, मी बशीत बोटाच्या पेरापेक्षा लहान तुकडे मांडते, ते देवाला दाखवतात, डोळे मिटून एकेक तोंडात घेतात आणि निकाल देतात. जिऱ्याच्या चीजला पास केलं. मऊवाल्याला म्हणाले, "ह्यो नुस्ता बोलघेवडा, आत काय न्हाय." हसले, शिवू. दात काढून हसले.

परवा कडक चीज बराच वेळ तोंडात धरून बसले आणि म्हणाले, "म्हशीचं न्हाय हे. गाईचं हाय. आन् गाईनं हिरवं गवत खाल्लंय, गुडघाभर." मग डोळे उघडून समोरच्या माळाकडं पाहत राहिले. "कुठं आसंल गं एवढं हिरवं?" म्हणाले. इथं ज्वारी वीतभर वाढून वाळली. सोसायटीत रोज तीन कॅन भरायचे, आता एक, तोही अर्धाच. टँकर दोन दिवसांआड येतो आणि त्याच्यापाशी बायका एकमेकींच्या झिंज्या उपटतात. मी पण उपटल्या, लपवत नाही.

तुकडे आणखी लहान पाठवलेस तरी चालतील. त्यांना पोटभर नको असतं, नवं काहीतरी हवं असतं. जात बदलत राहा. या चवीच्या मागोमाग ते चार घास दूधभातही खातात. वजन सव्वा किलोनं वाढलं.

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हटलं, "तू व्हतीस म्हून जगलो." एवढं कधी बोलले नव्हते मला.

तुझं नाव नाही काढलं.

शांताक्का

सोमवार, १६ डिसेंबर १९८५

शिवलिंग,

आशीर्वाद लिहीत नाही.

काल दूध योजनेचे सुपरवायझर आण्णासाहेब सोसायटी बघायला आले होते. आप्पांनी मोठ्या हौसेनं त्यांना घरी बोलावलं आणि आपल्या बशीतला तुकडा पुढं केला. "खावा साहेब, दवाखान्याचा खवा हाय." साहेबांनी खाल्ला. मी पाणी द्यायला अंगणात गेले तेव्हा मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, हे चीज आहे. मी आणंदला ट्रेनिंग घेतलंय. असलं चीज करताना दुधाला नुसतं विरजण लावत नाहीत. कोवळं वासरू कापून त्याच्या पोटाच्या अस्तराचं पाणी त्यात घालतात, तेव्हा ते घट्ट होतं. सगळ्याच जातींत असतं असं नाही, पण तुमचे वडील लिंगधारी, म्हणून सांगितलं."

तुला ठाऊक होतं का? एका शब्दात उत्तर दे. व्हय की न्हाय.

सात रविवार. प्रत्येक तुकडा त्यांनी तळहातावरच्या देवाला दाखवलाय. ज्या माणसानं लग्नाच्या पंगतीत शेजारच्या चुलीवर अंडं शिजलं म्हणून पान सोडलं, त्याच्याकडून मी वासराचं पोट देवाला दाखवून घेतलं. माझ्या हातानं. तू तिकडं नामानिराळा. तुझा तो देव कधीच सुटला असेल, पण त्यांचा आहे अजून.

उरलेले तुकडे मी मातीत पुरले. पुन्हा डबा पाठवू नकोस.

शांता

सोमवार, ३० डिसेंबर १९८५

शिवू,

आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. तुलाही ठाऊक नव्हतं, दुकानाच्या मालकाला विचारलंस तेव्हा कळलं, अयोध्या दोन दिवस जेवली नाही, वाचलं सगळं. माझं मागचं पत्र फाडून टाक. त्यातला देवाचा टोमणा तर आधी फाड.

इथली हकिगत अशी. डबा बंद झाल्यावर आप्पांचं खाणं बंद झालं. पहिल्या रविवारी विचारलं, "आला न्हाय?" मी म्हटलं, संपलाय दवाखान्यात. दूधभात पुढं केला की "साकु, साकु" म्हणून पुरे-पुरे असा हात हलवायचे. दुखणं वाढलं की हल्ली कानडीच बोलतात, आईशी बोलायचे तसं. चार दिवसांत त्यांचे डोळे खोल गेले. मला काही सुचेना. खायला घालू तर पाप, न घालू तर ते डोळ्यांदेखत जातात.

शेवटी माझं पत्र पोचण्याआधीच तू पाठवलेला जो डबा ज्ञानोबाच्या हाती उशिरा आला होता, त्यातला तुकडा मी काल बशीत ठेवला आणि म्हटलं, "आप्पा, हे औषध आहे. देवाला दाखवू नका." त्यांचा हात गळ्याशी गेला होता, तिथंच थांबला. चेअरमन होता तो माणूस, त्याला फसवायला मी कोण? "का न्हाय दावायचं?" म्हणाले. मी सांगून टाकलं. वासरू, पोट, सगळं. पायांवर डोकं ठेवलं.

त्यांनी हातानं मला उठायची खूण केली. मग जे बोलले ते जसंच्या तसं लिहिते. "शांते, बहात्तरच्या दुष्काळामागं सोसायटी काढली तवा म्याच घरोघर सांगत फिरलो, दूध कॅनमंदी घाला, पैका यील. लोकांनी घातलं. थेंबबी ठिवला न्हाय. रेडकं किती उपाशी मेली गावात? आपल्याच गोठ्यात धा-बारा. खुट्याला बांधल्या जागी मेली. त्यांच्या तोंडचं काढून म्या डेअरीला धाडलं, आन् त्यातलं वाटीभर रोज देवाला दावलं. तवा न्हाय देव बाटला?"

 ती रेडकं मीच ओढून बाहेर काढायची, तुला आठवत असेल. तू गोठ्यात यायचा नाहीस.

मग त्यांनी तुकडा उचलला. "ह्यो देवाला न्हाय दावत," म्हणाले, "माझं माझ्यापाशी," आणि तसाच तोंडात घातला. सगळ्या जन्मात देवाला न दाखवता काही खाताना मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि खात होते.

तर पाठव तू. लहान तुकडे पाठव.

कोण पाठवतं, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

शांताक्का

सोमवार, १३ जानेवारी १९८६

शिवू,

आशीर्वाद.

शुक्रवारी येळवस, मार्गशीर्षातली अवस, झाली. झाली म्हणायची. शेतात पूजेसाठी कडब्याची कोप कुठून घालणार, कडबाच नाही. लोकांनी घराच्या अंगणात पाच दगड मांडले आणि पुजले. मी वाटीभर आंबील केली, तीही ताक विकत आणून. आप्पांना पाजली. म्हणाले, आंबट लागतंय. एवढंच, पण लागलं. तू आणि मी येळवशीला सगळ्या भाज्यांच्या भज्जीचं गाडगं डोक्यावर घेऊन बांधावरनं पळायचो, तू एकदा पडलास आणि अख्खी भज्जी काळ्या रानात गेली, आणि आप्पांनी मारलं नाही. तो तू आठवलास.

त्यांची तब्येत बरी नाही. गाठीनं पुन्हा डोकं वर काढलंय. आवाज बसलाय, कानाशी तोंड न्यावं तेव्हा कळतं. पण रविवार कसा लक्षात राहतो कोण जाणे. सकाळीच सिदू न्हाव्याला बोलावून दाढी करून घेतात. धुतलेला सदरा मागतात. ओसरीवर बसून दर थोड्या वेळानं विचारतात, "आली का यष्टी?" म्हाताऱ्याला एवढी चट लागलीय तुझ्या चीजची! मला फाट्यापर्यंत घेऊन चल म्हणतात. थंडी बाधेल म्हणून मी नेत नाही.

डबा मात्र आता फारसा उघडत नाहीत. एक तुकडा जिभेवर ठेवतात आणि रस्त्याकडं बघत बसतात.

तू लिहिलंस, रजा मिळते आहे, आम्ही दोघं येतो, लांबून बघून जाऊ. येऊ नकोस. आत्ता त्यांना धक्का सोसायचा नाही. तुला बघून काही झालं तर आयुष्यभर तुझ्यावर येईल. मी आहे इथं. तू तुकडे पाठव.

नाव काढत नाहीत. काढलं तर मी कळवीनच की.

शांताक्का

सोमवार, २४ फेब्रुवारी १९८६

शिवू,

तुम्ही दोघं गेलात त्याला आठ दिवस झाले. तार मिळाल्याबरोबर निघालात तरी माती झालीच होती. आपल्यात बसवून माती देतात, थांबवता येत नाही, हे तूच अयोध्येला समजावत होतास. ती चार दिवस इथं राहिली, कुणी सांगितलं नाही तरी टँकरवरून घागरी आणल्या, माझे पाय दाबले. तू चार दिवस माझ्यासमोर बसून एकच विचारत होतास, "अक्का, शेवटी तरी काही बोलले का माझ्याबद्दल?" आणि मी चारही दिवस नाही म्हणून मान हलवली. तोंडावर सांगायची माझी हिंमत झाली नाही. म्हणून लिहिते.

मी तुला खोटं लिहिलं. तीस डिसेंबरचं पत्र काढून बघ. त्यात वासराचं लिहिलंय ते सगळं खरं आहे. त्यापुढचं लिहिलं नाही.

तो तुकडा खाऊन झाल्यावर त्यांनी विचारलं, "दवाखान्यातला न्हाय न्हवं ह्यो? कोण धाडतंय?" मी म्हटलं, शिवू. चिठ्ठी हातात घेऊन ते म्हणाले, "ह्ये अक्षर त्याचं न्हाय." मी म्हटलं, अयोध्येचं आहे. ती कापते, ती कागदात बांधते. त्यांनी सगळ्या चिठ्ठ्या आणायला लावल्या. मी पिठाच्या डब्यात जपून ठेवल्या होत्या. एकेक वाचली, आणि म्हणाले, "बोलव दोघास्नी. सभेत पोरगं खरं बोललं व्हतं. तिला म्हणावं, चुलीपाशी यायचं, भाईर न्हाय बसायचं."

मी हो म्हटलं. आणि तुला लिहिलं, की विचारलं नाही.

का, ते सांगते, पण माफी मागत नाही, कारण ती तू देऊन टाकशील. आठ वर्षं मी त्यांचं केलं. तुझ्यामुळं माझं सासर गेलं आणि मी तक्रार केली नाही. त्यांची थुंकी पुसली, त्यांना उचलून न्हाणीत नेलं. दोन महिने माझ्या हातानं त्यांनी खाल्लं, आणि "तू व्हतीस म्हून जगलो" म्हणाले तेव्हा मला वाटलं, एवढ्यासाठी जन्माला आले मी. आणि तुझं नाव निघताक्षणी त्यांचा चेहरा असा उजळला, की मी तिथं बसलेय हेसुद्धा ते विसरले. मला ते सोसलं नाही. म्हटलं, एक आठवडा, एकच आठवडा माझे राहू देत, मग लिहीन. मग दुसरा आठवडा. मग तू स्वतःच येतो म्हणालास, आणि मी तुला येऊ नकोस म्हणून लिहिलं. तेव्हा मला कळत होतं मी काय करतेय ते.

त्यांना चीजची चट नव्हती लागली, शिवू. रविवारी दाढी करून, धुतलेला सदरा घालून ते तुमची वाट बघत बसायचे. थंडीचं निमित्त करून मी त्यांना फाट्यावर नेलं नाही, कारण ते ज्ञानोबाशी बोलले असते आणि तुम्हाला निरोपच गेला नाही हे कळलं असतं. मी डबा घेऊन एकटीच परत यायचे, आणि ते माझ्या मागं बघायचे, कोणी येतंय का.

नऊ तारखेचा रविवार शेवटचा. पाणीही उतरत नव्हतं. मी परत आले तर त्यांनी खुणेनं जवळ बोलावलं. "आली का दोघं?" मी म्हटलं, "गाडीला फार गर्दी होती आप्पा. जागा नाही मिळाली. पुढच्या रविवारी येतील." त्यांनी विश्वास ठेवला. माझ्यावर नेहमीच ठेवायचे. थोडा वेळ श्वास गोळा केला आणि म्हणाले, "त्यास्नी लिही, जागा न्हाय मिळाली तर उभ्यानं या म्हणावं."

ते आज लिहिते आहे.

शांता